चोळमंडलाचा किनारा आणि कुंभकोणमचे मराठी : दर्यावर्दी पूर्वजांच्या शोधाची दिशा

तंजावरच्या राजवाड्यात ग्रंथालय, दरबारमहाल आणि कांस्यमूर्तींचे दालन पाहून बाहेर पडणाऱ्या अभ्यासकाला एक अनपेक्षित वस्तू दिसते. ती म्हणजे एका अजस्र देवमाशाचा सांगाडा. तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेला हा जीव भोसल्यांच्या राजवाड्यात येऊन विसावला आहे. ही घटना राज्य खालसा झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडली, त्यामुळे तिचा मराठी राजवटीशी थेट संबंध नाही. तरीही हा सांगाडा पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. कावेरीच्या मुखाशी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे राज्य करणाऱ्या मराठ्यांचे समुद्राशी नाते काय होते? आणि कुंभकोणम, तंजावर, मन्नारगुडी या गावांत आजही घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना आपल्या वंशवृक्षात एखादा दर्यावर्दी पूर्वज सापडण्याची कितपत शक्यता आहे?

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने केला आहे. प्रश्न वरवर कौटुंबिक कुतूहलाचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर शोधताना कोणाची नावे कागदावर येतात, कोणाची येत नाहीत आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचे वारस या नात्याने आपले कर्तव्य काय, अशा मूलभूत मुद्द्यांपर्यंत जावे लागते.

१. पूर्वज जहाजावर कसा सापडतो?

दर्यावर्दी पूर्वजांच्या शोधाचे शास्त्र पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, चांगलेच विकसित झाले आहे. नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड ही एकोणिसाव्या शतकातील देवमासे मारणाऱ्या जहाजांची मोठी केंद्रे होती. जहाज बंदर सोडताना खलाशांची यादी तयार होई. तीत नाव, वय, उंची, वर्ण आणि राहण्याचे ठिकाण लिहिले जाई. खलाशाला ठरावीक वेतन नसून सफरीच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा मिळत असल्याने त्याचा हिशेबही राही. शिवाय जहाजावर रोजनिशी असे. वारा, दिशा, अक्षांश-रेखांश, दिसलेले व मारलेले देवमासे यांची नोंद तीत रोज होई. १८४१ मध्ये बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे अशा जहाजांपैकी एक आजही मिस्टिक येथे जतन केलेले आहे आणि दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ते पुन्हा समुद्रात गेले होते. एखाद्या कुटुंबाला पणजोबाचे नाव आणि साधारण वर्ष ठाऊक असले, तर यादीवरून जहाज, जहाजावरून रोजनिशी आणि रोजनिशीवरून त्या पूर्वजाचा एकेक दिवस उभा करता येतो.

या रोजनिशांचे मोल केवळ कौटुंबिक नाही. चार्ल्स टाउनसेंड यांनी १९३५ मध्ये अशा नोंदी एकत्र करून देवमासे कोठे कोठे मारले गेले याचे जागतिक नकाशे सिद्ध केले. त्या नकाशांत श्रीलंकेच्या भोवतालचे पाणीही येते. म्हणजे कावेरीच्या मुखापासून फार दूर नसलेल्या समुद्राचा वृत्तांत हजारो मैलांवरील लहान बंदरांच्या दप्तरांत जपला गेला आहे.

यातून एक पद्धती हाती येते. पूर्वज सापडतो तो आठवणीत नव्हे, तर हिशेबात. जेथे कोणाला तरी कोणाचे तरी देणे द्यायचे असते, तेथे नाव लिहिले जाते. हा निकष आपल्या किनाऱ्याला लावून पाहिला पाहिजे.

२. कोकणची आठवण आणि कावेरीचे वास्तव

मराठी मनात आरमार म्हटले की कोकण उभे राहते. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात सुरू केलेली जहाजबांधणी, १६६४ मधील सिंधुदुर्गाची पायाभरणी, १६६५ ची बसरूरची स्वारी, दौलतखान व मायनाक भंडारी हे आरमाराचे अधिकारी, पुढे कान्होजी आंग्रे यांचे सागरी वर्चस्व, ही परंपरा सर्वांच्या परिचयाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. या परंपरेत गुराबा, गलबते, तरांडी यांचा उल्लेख जितका स्वाभाविक, तितकाच कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी या समाजांचा.

दक्षिणेतील मराठी माणूस आपल्या दर्यावर्दी पूर्वजांचा विचार करू लागला की ही कोकणी परंपरा नकळत कावेरीकाठी आणून बसवली जाते. हा मोह टाळला पाहिजे. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर स्थिर झाले ते बंगळूरकडून, खुष्कीच्या मार्गाने. त्यांच्याबरोबर आणि मागून आलेली कुटुंबे बहुतांशी घाटावरची होती. त्यांत शिलेदार, कारकून, वैदिक, कीर्तनकार, मुत्सद्दी होते. खलाशी व तांडेल यांची वस्ती कोकणातून उठून कावेरीकाठी आली, असे या स्थलांतराचे स्वरूप नाही.

कुंभकोणमचा परिसर याची साक्ष देतो. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी तिरुविसनल्लूर येथे विद्वानांना अग्रहार देऊन त्याला शहाजीराजपुरम असे नाव दिले. ते गाव कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म कुंभकोणमचाच, १८२८ मधला. अग्रहार, मठ, कचेरी आणि पुढे शाळा-महाविद्यालय ही या समाजाची क्षेत्रे होती. समुद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर होता, परंतु सामाजिक अंतर त्याहून पुष्कळ मोठे होते.

समुद्रयानाच्या निषेधाचाही येथे विचार करावा लागतो. कुंभकोणममध्ये वाढलेले गणिती श्रीनिवास रामानुजन १७ मार्च १९१४ रोजी मद्रास बंदरातून ‘नेवासा’ या आगबोटीने इंग्लंडला निघाले. निघण्यापूर्वी त्यांच्या घरी धर्मनिषेधाचा केवढा पेच पडला होता, हे त्यांच्या चरित्रांतून सर्वश्रुत आहे. ते मराठी नव्हते. तथापि विसाव्या शतकातही कुंभकोणमच्या ब्राह्मण कुटुंबाला समुद्र ओलांडणे किती जड जाई, हे या उदाहरणावरून कळते. तेथील ब्राह्मण मराठी कुटुंबांची स्थिती फार वेगळी असण्याचे कारण नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पिढीत खलाशी शोधणे म्हणजे त्या पिढीची ओळखच विसरणे होय.

३. किनाऱ्याचे धनी, समुद्राचे नव्हेत

मग तंजावरच्या राज्याचे समुद्राशी नाते नव्हतेच काय? होते, पण ते किनाऱ्याच्या धन्याचे होते. मराठे येण्यापूर्वीच तरंगमबाडी १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डेन लोकांना दिली होती. १६५८ मध्ये डचांनी नागपट्टणम पोर्तुगीजांकडून घेतले होते. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये डचांना रौप्यपत्र देऊन त्यांचे हक्क मान्य केले आणि तो लेख तमिळ भाषेत आहे, ही लक्षणीय बाब होय. १६९० मध्ये डचांनी चोळमंडल किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे पुलिकतहून नागपट्टणमला हलविले. १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेले. म्हणजे जहाजे परक्यांची, जमीन राजाची आणि राजाला मिळे तो खंड, नजराणा व जकात, असा हा व्यवहार होता.

या व्यवहाराची मर्यादा युद्धप्रसंगी उघडी पडे. १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने तरंगमबाडीला वेढा घातला. जमिनीकडून कोंडी करता आली, परंतु समुद्राकडची बाजू बंद करण्याचे साधन राज्यापाशी नव्हते. शेवटी इंग्रजांची कुमक येऊन डेनांचा बचाव झाला.

दुसरा प्रसंग देवीकोट्टैचा. कोळ्ळिडम नदीच्या मुखावरील हा किल्ला इंग्रजांनी १७४९ मध्ये घेतला. गादीवरून दूर झालेल्या सयाजीराजांचा पक्ष घेण्याचे निमित्त झाले आणि प्रतापसिंहराजांना शेवटी किल्ला सोडावा लागला. या मोहिमेच्या आरंभीच, एप्रिल १७४९ मध्ये, किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. त्यात ॲडमिरल बॉस्कावेन यांचे ‘नामुर’ हे युद्धजहाज पाचशेहून अधिक माणसांसह बुडाले. ‘पेम्ब्रोक’ हे दुसरे जहाजही गेले. खुष्कीने केलेला पहिला प्रयत्न फसल्यावर इंग्रजांनी मेजर लॉरेन्सच्या हाताखाली समुद्रमार्गाने दुसरी फौज पाठविली. तीत तरुण रॉबर्ट क्लाइव्हही होता. नदी ओलांडणे कठीण झाले, तेव्हा मूर नावाच्या एका जहाजी सुताराने तराफा तयार केला आणि रात्री पोहत जाऊन पैलतीराच्या झाडाला दोर बांधला, अशी हकीकत ऑर्म या इतिहासकाराने नोंदविली आहे. हाच क्लाइव्ह सात वर्षांनी, १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या पाडावाच्या वेळी हजर होता. त्या प्रसंगी पेशव्यांच्या संमतीने आंग्र्यांचे आरमार जळाले. एका किनाऱ्यावर आरमार नव्हते म्हणून किल्ला गेला, दुसऱ्या किनाऱ्यावर होते ते घरभेदाने गेले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने देवीकोट्टैचा प्रसंग आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. ‘नामुर’वरील माणसांचा शोध त्यांच्या वंशजांना घेता येतो, कारण ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे हजेरीपट लंडनजवळच्या क्यू येथील अभिलेखागारात जतन झाले आहेत. एका सुताराचे नावही इतिहासग्रंथात गेले. किल्ल्यात लढलेल्या मराठी शिपायाचे, किंवा लाटांतून माणसे व माल ने-आण करणाऱ्या तमिळ नावाड्याचे नाव मात्र त्या ग्रंथांत नाही.

४. मनोरा आणि मिनार

सागराशी असलेले मराठी नाते दगडात शोधायचे झाले तर दोन वास्तू पाहाव्या लागतात. नागूर येथील शाहुल हमीद यांचा दर्गा हे समुद्रावर जाणाऱ्यांचे श्रद्धास्थान. मरक्कायर हे तमिळ मुसलमान जहाजमालक व व्यापारी त्याचे भाविक आणि आधारस्तंभ. या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार प्रतापसिंहराजांनी बांधविला. किनारा सपाट, खूण म्हणावी असा डोंगर नाही. अशा ठिकाणी उंच मिनार दुरून येणाऱ्या गलबताला दिशा दाखवितो. स्वतः समुद्रावर न जाणाऱ्या राजाने समुद्रावर जाणाऱ्यांसाठी केलेले हे काम आहे आणि ज्यांच्यासाठी केले ते भाषेने व धर्माने वेगळे होते.

दुसरी वास्तू म्हणजे मल्लिपट्टणमजवळ सरभेंद्रराजपट्टणम येथील मनोरा. सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून तो १८१४-१५ मध्ये बांधला. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला होता. राजांची सत्ता तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपास उरली होती. अशा स्थितीत पाल्कच्या सामुद्रधुनीवर उभा केलेला हा षट्कोनी बहुमजली बुरूज इंग्रजांच्या विजयाचा गौरव करतो, हे वाचताना मराठी वाचकाला खंत वाटणे साहजिक आहे. परंतु याच राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे आणि कुरवंजीण त्यात पृथ्वीवरील खंड, देश व समुद्र यांचे वर्णन गाते. ज्याच्या हातून किनारा निसटला होता, त्याने समुद्राचे ज्ञान आपल्या भाषेत आणले. त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र कोरविले, तेही मराठीतच. राजघराण्याची वंशावळ दगडावर गेली. सामान्यांची मात्र कागदावर, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी.

५. साधने : परकी दप्तरे आणि मोडी बासने

आता साधनांकडे वळू. डच कंपनीच्या अठराव्या शतकातील जहाजांवरील माणसांची पगारखाती टिकून आहेत. चार हजारांहून अधिक सफरींची सूचीही अभ्यासकांनी सिद्ध केली आहे. डेन्मार्कमध्ये तरंगमबाडीची आणि जर्मनीतील हाल येथे १७०६ पासूनच्या मिशनऱ्यांची कागदपत्रे आहेत. युरोपातून आलेल्या खलाशाचा मागोवा त्यांत लागू शकतो. हिंदी खलाशाची गोष्ट वेगळी आहे. कंपन्यांच्या जहाजांवर ज्यांना ‘लस्कर’ म्हटले जाई, त्यांची भरती सारंगामार्फत टोळीने होई आणि पुष्कळदा वेतनही त्याच्याच हाती पडे. सारंग व तांडेल यांचे नाव लिहिले जाई. बाकीचे ‘अमुक असामी’ एवढ्यावर आटोपत. वर सांगितलेला निकष येथे उलट्या बाजूने खरा ठरतो. ज्याचे देणे दुसऱ्याच्या हातून जाते, त्याचे नाव हरवते.

कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांजवळ स्वतःची साधने कोणती आहेत? घरोघरच्या वंशावळी, नाशिक-काशी-रामेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दानपत्रे, आणि सर्वांत मोठे म्हणजे तंजावरचे मोडी दप्तर. सरस्वती महाल ग्रंथालयात व अन्यत्र या कागदांची बासने आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यामुळे आपल्याच भाषेतील कागद आपल्याला तमिळमधून वाचावे लागतात, असा विलक्षण प्रसंग मराठी अभ्यासकावर येतो. तमिळ विद्वानांनी केलेल्या या कामाबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. मोडी वाचणारे मराठी अभ्यासक त्या मानाने थोडे, ही उणीव आपली आहे.

हे दप्तर प्रामुख्याने राजवाड्याच्या खर्चाचे, छत्रांचे, देवस्थानांचे आणि देण्या-घेण्याचे आहे. येथेच आपला निकष कामाला येतो. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. ही वाट पुढे समुद्रकिनाऱ्याने जाते आणि १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल होईपर्यंत रामेश्वरला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला खाडी नावेतूनच ओलांडावी लागे. चोळमंडलावर नैसर्गिक बंदरे जवळजवळ नाहीत. मोठी जहाजे दूर नांगरून राहत आणि माल व माणसे लहान होड्यांतून लाटा फोडीत किनाऱ्याला येत. धोणी, शेलिंगा, कट्टुमरम ही त्या होड्यांची नावे. राजघराण्यातील यात्रा, परदेशांतून मागविलेली उपकरणे व पुस्तके, मनोऱ्यासारखी किनाऱ्यावरील बांधकामे या सर्वांना नावाडी लागत आणि नावाड्याला मजुरी द्यावी लागे. त्या मजुरीची नोंद जो कारकून करी, तो मोडीत करी. दर्यावर्दींच्या शोधात या बासनांकडे वळायचे ते छत्रांचे आणि यात्रांचे हिशेब डोळ्यांसमोर ठेवून.

६. पूर्वज कोणाचे?

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाकडे परत येता येते. कुंभकोणमच्या मराठी कुटुंबाला आपल्या घराण्यात खलाशी सापडण्याची शक्यता फार थोडी आहे. हे उत्तर निराशाजनक वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. त्या कुटुंबाच्या पूर्वजाने, छत्राच्या पडवीत बसून, एखाद्या पट्टिणवर नावाड्याला किंवा मरक्कायर नाखव्याला दिलेली रक्कम लिहून ठेवली असेल, तर तो कागद दोन कुटुंबांच्या इतिहासाचा दुवा आहे. लिहिणाऱ्याचा वंशज मोडी विसरला आहे. ज्याचे नाव लिहिले, त्याच्या वंशजाला हा कागद आपल्याविषयी काही सांगू शकेल याची कल्पनाही नाही.

या किनाऱ्यावरील माणसांची आठवण जपण्याची निकड वेगळी सांगावयास नको. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूमध्ये सर्वाधिक मनुष्यहानी नागपट्टणम जिल्ह्यात झाली आणि तिचा मोठा भार मच्छीमार वस्त्यांनी सोसला. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली माहिती सांगणारी माणसेच अशा आपत्तीत जातात, तेव्हा मागे फक्त कागद उरतात, तेही कोणी लिहिले असतील तर. त्या किनाऱ्यावरील कागदांचा एक मोठा साठा मराठी भाषेत आणि मोडी लिपीत आहे. यास्तव दर्यावर्दी पूर्वजांचा शोध हे केवळ मरक्कायर किंवा पट्टिणवर समाजाचे काम राहत नाही. त्याची एक किल्ली आपल्या हाती आहे.

करण्याजोगे काम स्पष्ट आहे. छत्रांच्या व यात्रांच्या हिशेबांतील होड्या, नावाडी, बंदरे आणि मजुरी यांचे उल्लेख निवडून त्यांची सूची करावी. तिची तुलना डच, डॅनिश व इंग्रजी दप्तरांतील त्याच वर्षांच्या नोंदींशी करावी. सूची मराठीत आणि तमिळमध्ये अशी दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावी. कुंभकोणम-तंजावरच्या मराठी कुटुंबांनी घरातील जुने कागद, मग ते कितीही किरकोळ हिशेबाचे असोत, तज्ज्ञांना दाखवावेत. वंशावळीपेक्षा खर्चाचा कागद अनेकदा अधिक बोलका असतो, कारण वंशावळीत आपलीच माणसे असतात, तर खर्चाच्या कागदात आपल्यासाठी राबलेली.

न्यू बेडफर्डचा माणूस यादी उघडून पणजोबाची उंची आणि वर्ण वाचतो. नागपट्टणमच्या नावाड्याच्या पणतूला तेवढे मिळेल असे नाही. परंतु एखाद्या ओळीत एक नाव, एका होडीचा प्रकार आणि काही फनम मजुरी एवढे जरी मिळाले, तरी ‘अमुक असामी’ या मोघम शब्दांतून एक माणूस बाहेर येईल. ती ओळ वाचू शकणारा वाचक तयार करणे, हे दक्षिणेतील मराठीच्या अभ्यासाचे या संदर्भातील पहिले काम आहे.